फुटलेलें कांचेचें दार

जुन्या घराचें दार मोडलें तर सुताराला निरोप धाडला कीं काम भागे. आतां शहरांतल्या नव्या घरांतून दिवाणखाना आणि बाल्कनी यांच्यामध्यें ॲल्युमिनियमच्या चौकटींत सरकती कांच असते. उजेड भरपूर येतो, हें खरें; परंतु एवढी मोठी कांच फुटली म्हणजे गृहस्थ भांबावतो आणि प्रथम केरसुणी शोधूं लागतो. केरसुणीपूर्वीं त्यानें तुकड्यांकडे नीट पहावें.

तुकडे लांबट, विळ्याच्या पात्यासारखे असतील तर कांच साधी होती. सारें दार खडीसाखरेसारख्या लहान, बोथट खड्यांचा ढीग होऊन पडलें असेल, तर ती बाजारांत जिला ‘टफन’ म्हणतात ती कांच होय. ही कांच सहाशें अंश सेंटिग्रेडच्याही वर तापवून हवेच्या झोतांनीं एकदम निववितात. पृष्ठभाग आधीं घट्ट होतो. गाभा मागाहून थिजतांना आक्रसूं पाहतो. त्यामुळें पृष्ठभाग दाबांत राहतो आणि गाभा ताणांत. दाबांतल्या पृष्ठभागाला भेग पडणें कठीण. पण एकदां ती गाभ्यापर्यंत पोहोंचली कीं सांठलेला ताण क्षणांत मोकळा होतो. वितळलेल्या कांचेचा थेंब पाण्यांत सोडला असतां हाच चमत्कार दिसतो. थेंबाचें डोकें हातोडीला दाद देत नाहीं. शेपटी मोडतांच मात्र सबंध थेंबाचा चुरा होतो. असे थेंब १६६१ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीपुढें परीक्षेस आले होते.

यावरून घरच्या मंडळींनीं एक गोष्ट अवश्य ध्यानांत घ्यावी. टफन कांचेंत निकेल सल्फाइडचा सूक्ष्म कण राहिला असेल तर तो कालांतरानें फुगतो, आणि कोणी हात न लावतां दार फुटतें. कडेला बसलेला जुना टवकाही असाच घात करतो. माझ्या माहितीच्या एका घरीं अशा फुटीचा आळ मोलकरणीवर आला. आपण स्वयंपाकघरांत होतों, असें ती बाई परोपरीनें सांगत होती. तरी तिचा पगार कापला गेला. ती खरें बोलत असणें सर्वथा शक्य होतें. आवाज ऐकून जो प्रथम धांवत येतो त्यालाच अपराधी ठरविण्याची आपली खोड फार जुनी आहे!

असो. मुलांना दुसऱ्या खोलींत बसवून दार लावून घ्यावें. पायांत जाड तळाचे जोडे घालावेत. साधी कांच तडकून चौकटींतच उभी असेल तर तें दार मुळींच सरकवूं नये. धक्क्यासरशीं वरचा तुकडा खालीं येतो. दोन्ही बाजूंनीं रुंद चिकटपट्टी लावून कांचवाला येईपर्यंत कोणास जवळ फिरकूं देऊं नये. घर वरच्या मजल्यावर असेल तर खालच्या वाटेवरून जाणारांनाही सावध करावें. केर काढल्यावर दिवे मालवून विजेरी जमिनीलगत आडवी धरावी, म्हणजे राहिलेले कण चमकतात. ते ओल्या कागदानें टिपावेत. तुकडे खोक्यांत बांधून वर ठळक अक्षरांत ‘फुटलेली कांच’ असें लिहावें. कचरा उचलणाराचे हातही आपल्यासारखेच असतात.

नवी कांच बसवितांना खरी कसोटी लागते. कांचवाला म्हणेल, ‘साधी पांच मिलिमीटरची आजच बसवून देतों, दिसायला सारखीच.’ त्यास नम्रपणें नकार द्यावा. धांवतें मूल त्या दारावर आदळलें तर तीं विळ्याचीं पातीं त्याच्या मनगटांत जातील. टफन कांच मात्र तापविल्यानंतर कापतां येत नाहीं. कापूं गेल्यास तिचे खडे होतात. म्हणून माप आधींच बिनचूक हवें. रुंदी वर, मध्यें व खालीं, आणि उंचीही तीन ठिकाणीं मोजून सर्वांत लहान माप धरावें. दोन्ही कर्ण मोजावेत, कारण चौकट काटकोनांत असतेच असें नाहीं. जाडी जुन्याइतकीच ठेवावी. एक चौरस मीटर कांचेचें वजन दर मिलिमीटर जाडीस अडीच किलो भरतें. म्हणजे दोन मीटर उंच, एक मीटर रुंद आणि पांच मिलिमीटर जाड कांच पंचवीस किलोंची झाली. जाडी वाढविली तर हा भार खालच्या चाकांना झेपेल कीं नाहीं, हें आधीं विचारावें. कांच आल्यावर तिच्या कोंपऱ्यांत भारतीय मानक २५५३ चा शिक्का आहे कीं नाहीं तें पहावें, आणि कडांना टवका आढळल्यास ती परत करावी.

उंच मजल्यावर मी आणखी खर्च करून दोन कांचांमध्यें चिवट पापुद्रा असलेली ‘लॅमिनेटेड’ कांच घेण्यास सांगेन. ती फुटली तरी तुकडे पापुद्र्याला चिकटून राहतात, रस्त्यावर पडत नाहींत. आणि कांच कोणतीही असो, ती बसली त्याच दिवशीं तिच्यावर रंगीत कागदाच्या दोन पट्ट्या चिकटवाव्यात : एक मोठ्या माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर, दुसरी घरांतल्या सर्वांत लहान मुलाच्या.