चाकांचे बोलणे

जुन्नर-नाशिककडील भाजीपाला घेऊन माळशेज वा कसारा घाट उतरणाऱ्या पिकअप गाड्या पहाटेपूर्वी वाशीचा बाजार गाठतात. अशा गाडीच्या चाकांतून अनोळखी आवाज येऊ लागल्यास तो केव्हा वाढतो, हे चालकाने प्रथम पाहावे. निदानाचे मर्म त्यातच आहे.

गाडीच्या वेगाबरोबर वाढणारी, परंतु इंजिन मंदावले तरी न शमणारी घरघर बहुधा बेअरिंगची असते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. तेव्हा ती वाढली, तर दोष बहुधा उजवीकडे समजावा. असमान झिजलेला टायरही असाच घुमतो. म्हणून गाडी जॅकवर उचलून, खाली भक्कम आधार देऊन चाक हाताने हलवावे व फिरवावे. ते डुगडुगले वा खरखरले, तर बेअरिंगच तपासावे. ब्रेक दाबताच कर्कश घासल्याचा आवाज आला, तर लायनर झिजले असण्याचा संभव फार.

टकटक मात्र टायरात रुतलेल्या खड्याची असेल, किंवा सैल झालेल्या नटांची. ती ऐकताच गाडी सुरक्षित जागी थांबवून नट पाहणे, हेच शहाणपण होय. बाजार चुकला तर एका दिवसाचा भाव जातो. घाटात चाक निखळले, तर गेलेले कोणत्याही भावाने परत मिळत नाही.