धावते वाहन आणि भ्रमणध्वनीवरील संभाषण

एस.टी.च्या गाडीत, चालकाच्या आसनाजवळ, चालकाशी बोलू नये अशा अर्थाची सूचना रंगविलेली असते. तिकीट, सुटे पैसे आणि बसावयास जागा या विवंचनेत असलेल्या प्रवाशाचे तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. तथापि पन्नास-साठ माणसांचा भार वाहणाऱ्या चालकाचे मन दुसऱ्या कोणत्याही विषयात गुंतू नये, हे तत्त्व त्या एका ओळीत सामावलेले आहे. भारतात भ्रमणध्वनी येण्याच्या कितीतरी आधीपासून हे तत्त्व आपल्या सार्वजनिक वाहतुकीने स्वीकारले होते. देशातील पहिले भ्रमणध्वनी संभाषण ३१ जुलै १९९५ रोजी कोलकाता आणि नवी दिल्ली यांच्या दरम्यान झाले. त्यानंतरच्या तीन दशकांत हे उपकरण मंत्र्यांच्या मेजावरून शेतमजुराच्या खिशापर्यंत पोचले. त्याने केलेले उपकार मोठे आहेत, हे मान्य करूनच त्याच्या एका विशिष्ट वापराचा येथे विचार करावयाचा आहे. तो म्हणजे धावत्या वाहनाच्या चालकाने केलेला वापर.

या वापरातील धोका हाताचा आहे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. एक हात फोनमध्ये अडकला की सुकाणू एकाच हातात राहते, म्हणून अपघात होतो. सबब कानात इअरफोन घातला किंवा मोटारीतील ब्लूटूथचा वापर केला की धोका टळतो, असे अनेक सुशिक्षित माणसेही मानतात. ही समजूत अपुरी आहे. फोनवरील चालकाचे हात, डोळे आणि मन अशा तीन गोष्टी कमीअधिक प्रमाणात रस्त्यावरून दूर होतात. इअरफोनने त्यांपैकी फक्त हात मोकळे होतात.

डोळ्यांचा हिशेब

डोळ्यांचा हिशेब साध्या त्रैराशिकाने मांडता येतो व शाळेतील मुलेही तो फळ्यावर करू शकतील. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर तोडते. ताशी ८० किलोमीटर वेगाला हेच अंतर २२ मीटरांवर जाते. समोर काही दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत सावध चालकालाही एक ते दीड सेकंद लागतो. म्हणजे ६० च्या वेगाला ब्रेक लागण्यापूर्वीच १७ ते २५ मीटर रस्ता संपलेला असतो आणि त्यानंतर कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी थांबण्यास आणखी वीस-पंचवीस मीटर लागतात. पावसाळ्यात याहून अधिक. हे सर्व नजर रस्त्यावर असताना.

आता संदेश वाचणाऱ्या चालकाचा विचार करावा. अमेरिकेतील व्हर्जिनिया टेक या संस्थेच्या संशोधकांनी मालमोटारींत कॅमेरे बसवून चालकांचे निरीक्षण केले व २००९ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. संदेश लिहिणाऱ्या वा वाचणाऱ्या चालकाची नजर सहा सेकंदांपैकी सरासरी ४.६ सेकंद रस्त्यावर नव्हती, आणि अपघात किंवा अपघातसदृश प्रसंगाची शक्यता सुमारे तेवीस पटींनी वाढलेली होती. ताशी ८० किलोमीटर वेगाला ४.६ सेकंद म्हणजे शंभर मीटरांहून थोडे अधिक अंतर. गावच्या फाट्यापासून शाळेच्या फाटकापर्यंतचा रस्ता कित्येक ठिकाणी एवढाच असतो.

मन कोठे असते?

संदेश वाचणे घातक आहे, हे पटवून देण्यास फार प्रयास पडत नाहीत. नुसत्या बोलण्याविषयी मात्र मतभेद आहेत आणि ते वाचकांपासून लपवून ठेवण्याचे कारण नाही.

कॅनडातील टोरांटो येथे रेडेलमायर आणि टिब्शिरानी या संशोधकांनी ज्यांच्या वाहनांना अपघात झाला अशा, भ्रमणध्वनी बाळगणाऱ्या, ६९९ चालकांच्या दूरध्वनी देयकांची तपासणी केली. अपघाताच्या क्षणी आणि आदल्या दिवशी त्याच सुमारास ते बोलत होते काय, याची तुलना करण्यात आली. फोनवर बोलत असताना अपघाताचा संभव सुमारे चौपट होतो, असा निष्कर्ष १९९७ मध्ये प्रसिद्ध झाला. हात मोकळे ठेवणारी उपकरणे वापरणाऱ्यांना त्यामुळे काही अधिक संरक्षण मिळाल्याचेही दिसून आले नाही. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे, अपघातानंतर रुग्णालयात आलेल्या चालकांविषयी २००५ मध्ये प्रसिद्ध झालेला अभ्यासही याच निर्णयाला आला. उलटपक्षी, वर उल्लेखिलेल्या मालमोटारींच्या निरीक्षणात नुसत्या संभाषणामुळे धोका वाढल्याचे आढळले नाही. धोका होता तो क्रमांक फिरविण्यात, उपकरण शोधण्यात आणि संदेश लिहिण्यात.

हा विरोध कसा समजून घ्यावयाचा? आमच्या मते रस्त्याचे स्वरूप येथे महत्त्वाचे ठरते. अमेरिकेतील दीर्घ पल्ल्याच्या महामार्गावर वाहने आपापल्या मार्गिकेतून एकाच दिशेने जात असतात आणि अनपेक्षित घटना क्वचित घडते. आपल्या जिल्हा मार्गावर अनपेक्षित घटना हीच नित्याची घटना असते. उसाने भरलेल्या, मागे दिवा नसलेल्या दोन ट्रॉल्या, वळणावर उभी असलेली बैलगाडी, साईडपट्टीवर वाळत घातलेले धान्य, उलट दिशेने येणारी दुचाकी, शेळीमागे धावणारे पोर! येथे सुकाणू सरळ धरून ठेवण्यापेक्षा पुढे काय होईल याचा अंदाज बांधणे हेच चालकाचे खरे काम होय, आणि ते मनाचे काम आहे. संभाषण नेमके त्याच कामात वाटेकरी होते.

युटा विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ डेव्हिड स्ट्रेयर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या प्रश्नाचा पुष्कळ अभ्यास केला आहे. वाहनाची प्रतिकृती उभारून घेतलेल्या त्यांच्या प्रयोगांत, फोनवर बोलणाऱ्या चालकांची नजर ज्या वस्तूंवर स्थिरावली होती, त्यांपैकी पुष्कळ वस्तू त्यांना नंतर ओळखता आल्या नाहीत. म्हणजे डोळे पाहतात, पण दिसत नाही. पायी चालणाऱ्यांविषयीचा एक प्रयोग तर गमतीदार आहे. अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या आवारात रंगीबेरंगी पोशाखातील विदूषकाला एकचाकी सायकलवरून फिरविण्यात आले. फोनवर बोलत त्याच्याजवळून गेलेल्यांपैकी केवळ चौथ्या हिश्श्याच्या लोकांना तो दिसल्याचे आठवत होते. पायी चालण्यात मनाला असे काय मोठे काम असते! तरीही ही अवस्था.

यावर एक रास्त शंका घेतली जाते. शेजारी बसलेल्या माणसाशीही आपण बोलतोच, मग फोनने असे वेगळे काय होते? याचेही उत्तर प्रयोगाने मिळाले आहे. पुढील विश्रांतिस्थळी गाडी वळवावयाची, एवढेच काम चालकांना दिले असता शेजाऱ्याशी बोलणारे बहुतेक जण योग्य ठिकाणी वळले. फोनवर बोलणारे सुमारे निम्मे चुकले. कारण शेजारच्या माणसालाही तोच रस्ता दिसत असतो. समोर ट्रक आला की तो वाक्य अर्ध्यावर सोडतो, प्रसंगी "अहो, पुढे बघा" असेही म्हणतो. फोनवरील माणसाला यांपैकी काहीच ठाऊक नसते. तो उत्तराची वाट पाहत असतो आणि उत्तरास उशीर झाला की "हॅलो, हॅलो" म्हणून घाई करतो.

कानांचाही विचार व्हावयास हवा. २६ एप्रिल २०१८ रोजी सकाळी उत्तर प्रदेशातील कुशीनगर जिल्ह्यात, पहारेकरी-फाटक नसलेल्या रेल्वे ओलांडणीवर शाळेच्या व्हॅनला रेल्वेगाडीने धडक दिली व तेरा बालके मृत्युमुखी पडली. ओलांडणीवर नेमलेल्या माणसाने चालकाला थांबविण्याचा प्रयत्न केला होता; परंतु चालकाच्या कानात इअरफोन होते, असे प्राथमिक चौकशीनंतर सांगण्यात आले. ब्रॉडगेज मार्गांवरील असे बिनफाटकाचे मार्ग रेल्वेने जानेवारी २०१९ पर्यंत बंद केले. कानातील इअरफोन मात्र दुचाकीस्वारांत सर्रास दिसतात. काहीजण हेल्मेटच्या आत फोन खोचतात, काही मान आणि खांदा यांच्यात तो दाबून धरतात. अशा स्वाराला त्या बाजूस मान वळविता येत नाही व मागून येणाऱ्या वाहनाचा भोंगाही त्याला नीट ऐकू जात नाही.

आकडेवारी का लहान दिसते

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ व्यक्ती मरण पावल्या. त्यांपैकी १५,२२४ महाराष्ट्रात. भ्रमणध्वनीचा वापर हे कारण सुमारे दोन टक्के मृत्यूंच्या बाबतीत नोंदलेले आहे, तर अतिवेगाच्या नावावर सत्तर टक्क्यांहून अधिक मृत्यू मांडलेले आहेत. हे दोन टक्के वाचून समाधान मानणे योग्य होणार नाही. मद्यपानाची चाचणी रक्तावरून होते, वेगाचा अंदाज घसरण्याच्या खुणांवरून बांधता येतो. अपघातापूर्वीच्या दहा सेकंदांत चालक काय करीत होता, याची खूण रस्त्यावर उमटत नाही. चालक जिवंत असेल तर तो सांगत नाही आणि मृत असेल तर सांगू शकत नाही. फोन कंपनीकडील नोंदी मागविल्याशिवाय हे कारण कागदावर येत नाही, आणि साध्या अपघातात त्या कोण मागविणार? "चालकाचा ताबा सुटला" असे पंचनाम्यात लिहिले जाते. ताबा का सुटला, हा प्रश्न तेथेच राहतो.

कायदा कोठपर्यंत पोचतो

मोटार वाहन अधिनियम १९८८ चा आहे. भ्रमणध्वनी देशात येण्यापूर्वीचा असल्याने त्याच्या मूळ मजकुरात या उपकरणाचा उल्लेख असणे शक्यच नव्हते. २०१९ च्या सुधारणेने कलम १८४ मध्ये, वाहन चालविताना हातात धरावयाच्या संपर्कसाधनाचा वापर हा धोकादायक वाहन चालविण्याचा प्रकार म्हणून स्पष्टपणे समाविष्ट करण्यात आला. पहिल्या अपराधाला सहा महिने ते एक वर्षापर्यंत कारावास किंवा १,००० ते ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही, आणि तीन वर्षांच्या आत पुन्हा अपराध केल्यास दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा १०,००० रुपये दंड किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे. याशिवाय अनुज्ञप्ती निलंबित होऊ शकते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या रस्ता सुरक्षा समितीने २०१५ मध्येच अशा चालकांची अनुज्ञप्ती किमान तीन महिने निलंबित करण्याचे निदेश राज्यांना दिले होते. निष्काळजीपणाने मृत्यू घडविल्यास १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ अन्वये पाच वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो. पूर्वीच्या दंड संहितेत ही मर्यादा दोन वर्षांची होती.

मार्ग पाहण्यासाठी उपकरणाचा वापर करण्यास २०२० च्या नियमांनी मुभा दिली आहे. मात्र चालकाचे लक्ष विचलित होणार नाही, अशा रीतीनेच. जावयाचे ठिकाण निघण्यापूर्वी नोंदवून फोन समोरच्या पकडीत बसविणे, एवढाच या मुभेचा अर्थ घ्यावा.

कायद्याचा शब्द "हातात धरावयाचे साधन" असा आहे. ब्लूटूथवरील संभाषण त्याच्या कक्षेत येत नाही, म्हणून ते निर्धोक आहे असा निष्कर्ष काढता येणार नाही.

पलीकडचा माणूस

आतापर्यंतचा सारा विचार चालकाचा झाला. परंतु प्रत्येक संभाषणाला दुसरे टोक असते आणि ते टोक पुष्कळदा आपल्याच हातात असते. दुचाकीवरून शाळेकडे निघालेल्या शिक्षकाला "पटसंख्येची माहिती लगेच पाठवा" असा फोन जातो. ग्रामसेवक एका गावाहून दुसऱ्या गावी जात असता पंचायत समितीतून विचारणा होते. साहेबांना न्यावयास आलेल्या चालकाला "कोठपर्यंत आलास?" म्हणून दर पाच मिनिटांनी विचारले जाते. वरिष्ठांचा फोन उचलला नाही तर काय होईल, ही भीती कनिष्ठाच्या मनात दंडाच्या भीतीहून अधिक असते, हे कार्यालयात काम केलेल्या कोणालाही सांगावयास नको. अशा वेळी फोन करणारा खुर्चीत सुरक्षित असतो आणि ऐकणारा घाटाच्या वळणावर.

यावर उपाय खर्चाचा नाही. फोन लागताच "गाडी चालवीत आहात काय?" असे विचारावे आणि होकार आल्यास "पोचल्यावर बोला" म्हणून आपणच संभाषण थांबवावे. वाहन चालविताना न उचललेल्या फोनबद्दल खुलासा मागविला जाणार नाही, असे कार्यालयप्रमुखाने एकदा बैठकीत तोंडी सांगितले तरी पुष्कळ काम होईल. शासकीय वाहनात मागे बसलेल्या अधिकाऱ्याने चालकाला आलेला फोन स्वतः घेऊन निरोप ठेवण्यास कमीपणा मानू नये. शाळेच्या बस व जीपगाड्यांच्या बाबतीत शाळा व्यवस्थापन समिती पालकांना चालकाऐवजी मदतनिसाचा क्रमांक देऊ शकते. ग्रामपंचायतीच्या ट्रॅक्टर व पाण्याच्या टँकरवरील चालकांनाही हेच लागू आहे. टँकर कोठे आहे याची चौकशी करणारे शंभरजण असतात आणि चालक एकटा.

अगदी तातडीचे बोलणे असल्यास वाहन रस्त्याच्या पूर्ण बाहेर घेऊन, दर्शक दिवे लावून मगच बोलावे. वळणावर, पुलावर किंवा घाटात थांबू नये. पुढचा फाटा, धाबा किंवा पेट्रोल पंप येईपर्यंत फोन वाजू द्यावा. आजच्या बहुतेक फोनमध्ये वाहन चालू असताना येणारे फोन आपोआप थांबवून "मी वाहन चालवीत आहे" असा संदेश पाठविण्याची सोय असते. ती सुरू करण्यास दोन मिनिटे लागतात, आणि ज्यांना स्वतःला जमत नसेल त्यांना शाळेतील आठवीचा विद्यार्थीही ती करून देईल.