गाव जागेवर, कागद परगावी

केदारखेडा हे जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यातले गाव. अशा गावावर विकिपीडियासारख्या खुल्या ज्ञानकोशात लेख लिहायला कोणी बसले, तर तालुका, जिल्हा, पिके, पाऊस इथपर्यंत काम भराभर होते आणि ‘राजकीय इतिहास’ या मथळ्याखाली लेखणी थांबते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तेव्हापासून त्यात महाराष्ट्रातल्या खेड्यांची हजारो पाने उघडली गेली, पण बहुतेकांचा साचा एकच: भौगोलिक स्थान, हवामान, लोकजीवन, नागरी सुविधा. ही पाने ओळीने वाचणाऱ्याचा असा समज होईल की या गावांत ऊन, पाऊस आणि शेती यांखेरीज काही घडलेच नाही. तो समज खोटा आहे. केदारखेड्यासारख्या गावाचा राजकीय इतिहास हरवलेला नाही, तो दुसऱ्या गावांच्या, दुसऱ्या जिल्ह्यांच्या आणि दुसऱ्या राज्यांच्या नावाखाली ठेवला गेला आहे. म्हणून तो शोधणाऱ्याने पुढाऱ्यांपासून सुरुवात करू नये. आधी हद्दींचा इतिहास लावावा, मग माणसांचा.

हद्दी किती वेळा बदलल्या ते पाहू. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाचा. पुढची आठ वर्षे तो भारतातल्या हैदराबाद राज्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्विभाषिक मुंबई राज्यात आले, १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. या सगळ्या काळात भोकरदन तालुका औरंगाबाद जिल्ह्यात होता. जालना जिल्हा झाला तो १ मे १९८१ रोजी, औरंगाबादचे चार तालुके आणि परभणीचा परतूर मिळून. याचा सरळ परिणाम असा की १८८४ साली निजामाच्या अमदानीत निघालेले गॅझेटियर असो की महाराष्ट्र शासनाची १९७७ ची आवृत्ती, भोकरदन परिसराची माहिती ‘औरंगाबाद’ या नावाच्या ग्रंथात आहे. जो ‘जालना जिल्हा’ एवढेच शोधतो, त्याच्या हाती यातले काही लागत नाही. परतूरचे उदाहरण आणखी बोलके आहे. हैदराबाद संस्थानातल्या मराठी भागाचे राजकीय व्यासपीठ ठरलेल्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ मध्ये परतूरला भरले. आजच्या जालना जिल्ह्याच्या इतिहासातली ही मोठी घटना, पण तेव्हाच्या कागदांत ती परभणी जिल्ह्यात घडलेली आहे. त्याहून जुने सरकारी दप्तर तर उर्दू आणि फारसीत, आणि त्यातला मोठा भाग हैदराबादच्या तारनाका भागातल्या राज्य अभिलेखागारात, म्हणजे आज तेलंगणात. शिवाय निजामी राज्यात सगळी गावे एका पद्धतीची नव्हती. काही दिवाणी म्हणजे थेट सरकारी, काही जहागिरीची, काही निजामाच्या खासगी मालकीची, ज्यांना सर्फ-ए-खास म्हणत. गाव कोणत्या प्रकारातले, हे कळल्याशिवाय त्याचा कागद सरकारी दप्तरात शोधायचा की जहागीरदाराच्या, हेच ठरत नाही. १९४९ मध्ये सर्फ-ए-खास आणि जहागिऱ्या दोन्ही संपल्या, दप्तरे मात्र आपापल्या वाटांनी गेली.

हद्दींवर इतका भर देण्याचे दुसरेही कारण आहे: शोधणाऱ्याच्या हातून होणारी घाईची अनुमाने त्याने टळतात. भोकरदनचा परिसर जगाच्या इतिहासात एकदा ठळकपणे येतो तो असईच्या लढाईमुळे. २१ सप्टेंबर १८०३ रोजी इंग्रज सेनापती आर्थर वेलस्लीने बदनापूरला आपल्या दुसऱ्या फौजेच्या सेनानीशी सल्लामसलत केली आणि २३ तारखेला केळणा व जुई या नद्यांच्या बेचक्यात शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या सैन्याला गाठले. इंग्रजी कागदांत या नद्या आणि गावे ओळखू येणार नाहीत अशा स्पेलिंगांत आहेत, त्यामुळे एकाच गावाची चार-पाच रूपे धरून शोध घ्यावा लागतो. डिसेंबर १८०३ मधल्या सुर्जी-अंजनगावच्या तहात दौलतराव शिंद्यांनी अजिंठ्याच्या डोंगरांच्या दक्षिणेचा, गोदावरीपर्यंतचा आपला मुलूख सोडला, त्यात जालन्याचा किल्ला व परगणा नावानिशी आहे. केदारखेडा अजिंठ्याच्या दक्षिणेला आणि गोदावरीच्या उत्तरेला. मग ‘केदारखेडा १८०३ पर्यंत शिंद्यांकडे होता’ असे लिहायला काय हरकत? हरकत मोठी आहे. तहात फक्त शिंद्यांच्या ताब्यातला मुलूख सोडल्याचे म्हटले आहे, आणि त्या पट्ट्यात निजामाची गावे शिंद्यांच्या गावांना लागून होती. एखादे गाव कोणाचे होते, ते परगण्याच्या हिशेबावरूनच सिद्ध होईल. ज्ञानकोशाचा नियम असा आहे की दोन छापील विधाने जोडून तिसरे नवे विधान लेखकाने स्वतः काढायचे नाही. तो नियम अनेकांना जाचक वाटतो, पण या उदाहरणात तो इतिहासकाराच्या साध्या सावधपणाहून वेगळा नाही. परिसरात काय घडले ते लिहावे, गावाच्या नावावर ते चढवू नये.

स्वातंत्र्यानंतरच्या निवडणुकांचे कागद सोपे असतील असे वाटते, कारण निवडणूक आयोगाचे १९५१-५२ पासूनचे अहवाल आज घरबसल्या मिळतात. पण इथेही हद्दी आडव्या येतात. १९५२ मध्ये इथल्या मतदाराने १७५ जागांच्या हैदराबाद विधानसभेसाठी मत दिले, तर १९५७ मध्ये ३९६ जागांच्या मुंबई विधानसभेसाठी. पहिल्या लोकसभेच्या यादीत ‘जालना’ नावाचा मतदारसंघ सापडत नाही, जवळचे नाव सापडते ते अंबड, तेही हैदराबाद राज्याच्या पानांवर. अहवाल नीट वाचला तरी फसगत होते. १९७७ मध्ये जालन्यातून पुंडलिक हरी दानवे निवडून आले. अहवालात त्यांच्यापुढे भारतीय लोकदल असे आहे, कारण नुकत्याच जन्मलेल्या जनता पक्षाचे उमेदवार लोकदलाच्या चिन्हावर उभे होते. ही पार्श्वभूमी ज्याला ठाऊक नाही, तो मराठवाड्यात चरणसिंगांच्या पक्षाची लाट आली होती असे लिहून मोकळा होईल. हेच पुंडलिक हरी दानवे १९८९ मध्ये भारतीय जनता पक्षाकडून पुन्हा खासदार झाले. पुढे १९९९ पासून सलग पाच वेळा जालन्याचे खासदार राहिले ते रावसाहेब दादाराव दानवे, २०२४ मध्ये काँग्रेसच्या कल्याण काळे यांच्याकडून हरेपर्यंत. भोकरदन विधानसभेत चंद्रकांत दानवे आणि संतोष दानवे ही पुढची नावे. आडनाव एक, माणसे चार, पक्ष निरनिराळे. शोधयंत्राला यातला फरक कळत नाही. एकाचे वर्ष दुसऱ्याच्या पानावर जाते, ते पान वाचून एखादे वृत्तपत्र बातमी देते आणि मग तीच बातमी पुरावा म्हणून त्या पानाखाली येऊन बसते. चूक अशी एकदा गोल फिरून आली की ती काढायला मूळ अहवालाशिवाय दुसरा उपाय उरत नाही, आणि तो अहवाल कोणत्या राज्याच्या नावाखाली आहे हे पुन्हा माहीत असावे लागते.

खासदार-आमदारांचे हे झाले. पण केदारखेड्याचे स्वतःचे राजकारण ग्रामपंचायतीत, सेवा सहकारी सोसायटीत आणि पंचायत समितीच्या गणात घडते, आणि नेमका तिथलाच कागद सर्वांत विरळ आहे. १९५८ च्या कायद्याने आजची ग्रामपंचायत व्यवस्था उभी राहिली, १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्या आल्या. राज्य निवडणूक आयोग मात्र १९९४ चा. त्याआधीच्या तीसेक वर्षांचे गावपातळीवरचे निकाल एका जागी नाहीत, ते जिल्हाधिकारी कार्यालयाच्या आणि तहसिलीच्या बस्त्यांत विखुरलेले असणार, आणि आपल्या तालुक्याचा बस्ता १९८१ आधी औरंगाबादचा होता हे इथेही लक्षात ठेवावे लागते. ग्रामपंचायतीच्या निवडणुका पक्षाच्या चिन्हावर होत नाहीत, पॅनेलवर होतात. त्यामुळे निकालाच्या दुसऱ्या दिवशी एकाच ग्रामपंचायतीवर दोन-दोन पक्ष दावा सांगतात आणि दोन्ही दावे छापून येतात. सरपंचांची यादी करतानाही फक्त नावे पुरत नाहीत. बहुतेक काळ सदस्य सरपंच निवडत, २०१७ मध्ये थेट निवड आली, २०२० मध्ये ती रद्द झाली आणि २०२२ मध्ये परत आली. कोण कोणत्या रीतीने सरपंच झाले हे न सांगणारी यादी वाचकाची दिशाभूल करते.

यावर पहिला आक्षेप असा येतो की एवढा खटाटोप कशासाठी? एका खेड्याचा सरपंच १९६५ मध्ये कोण होता, याने कोणाचे काय अडते? याचे उत्तर शोधायला जालना जिल्ह्याबाहेर जावे लागत नाही. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी झालेल्या उपोषणानंतर शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी मराठवाड्यातल्या गावोगावच्या जुन्या नोंदी तपासायला घेतल्या. खासरा पत्रके, पाहणी पत्रके, कूळ नोंदवह्या, १९५१ चे नागरिक रजिस्टर, जन्म-मृत्यूची पुस्तके यांची पाने उलगडली गेली. मोडी आणि उर्दू वाचणारी माणसे शोधावी लागली, हैदराबादच्या अभिलेखागारापर्यंत जावे लागले. २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयात तर हैदराबाद गॅझेटियरच आधार म्हणून पुढे आले. आरक्षणाच्या त्या मागणीबद्दल कोणाचे मत काहीही असो, एक गोष्ट नाकारता येणार नाही: ज्या कागदांना आपण अडगळ मानत होतो, त्यांवर लाखो कुटुंबांच्या मुलांचे प्रवेश आणि नोकऱ्या येऊन ठेपल्या, आणि ते कुठे आहेत हे सांगणारे कोणी आधी तयार नव्हते. गावाची प्रशासकीय वंशावळ ज्ञानकोशाच्या एका पानावर नीट लिहिलेली असती, तर हा शोध निदान योग्य दारापासून सुरू झाला असता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना सगळे ठाऊक असते, मग त्यांचे सांगणे पुरावा का नाही? छापील पुराव्याचा हट्ट म्हणजे ज्यांच्या हाती लेखणी होती त्यांचाच इतिहास टिकवणे नव्हे काय? या म्हणण्यात तथ्य आहे. रझाकारांच्या काळात कोणी कोणाला आसरा दिला, कोणाच्या वाड्यात बैठका झाल्या, हे गॅझेटियर सांगत नाही. अनंत भालेराव यांनी हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावर ग्रंथ लिहिला म्हणून मराठवाड्याची पुष्कळ स्मृती वाचली, पण एका ग्रंथात किती गावे मावणार? तरीही तोंडी सांगणे थेट ज्ञानकोशात घ्यावे, असे मला वाटत नाही. गावाची आठवण निष्पक्ष नसते, तीत भावकी असते, जुना बांधाचा वाद असतो, परवाची निवडणूक असते. महिला सरपंचांचे उदाहरण घ्या. १९९३ च्या घटनादुरुस्तीने एक तृतीयांश आणि महाराष्ट्रात २०११ पासून निम्म्या जागा स्त्रियांकडे आल्या. अनेक गावांत विचारले तर त्या पाच वर्षांचे सरपंच म्हणून नवऱ्याचे नाव सांगितले जाते. कागदावर सही बाईची असते. केवळ आठवणीवर भरवसा ठेवला तर निवडून आलेली स्त्री पुसली जाते, केवळ कागदावर ठेवला तर कारभार प्रत्यक्षात कोणी केला हे दडते. दोन्ही शेजारी ठेवून पारखण्याचे काम ज्ञानकोशाच्या संपादकाचे नाही, ते इतिहासाच्या अभ्यासकाचे, स्थानिक पत्रकाराचे, महाविद्यालयातल्या संशोधकाचे आहे. मुलाखत तारखेसह, सांगणाऱ्याच्या संमतीने, कागदाशी ताडून कुठेतरी प्रसिद्ध झाली की ती ज्ञानकोशात यायला मोकळी होते. म्हणून नियम सैल करा ही मागणी मला चुकीची वाटते. दिवाळी अंकांनी, तालुक्याच्या साप्ताहिकांनी आणि महाविद्यालयांच्या वार्षिकांकांनी अशा मुलाखती छापाव्यात, ही मागणी योग्य आहे.

राहिला उल्लेखनीयतेचा, म्हणजे ज्ञानकोशात कोणावर स्वतंत्र लेख असावा याचा, प्रश्न. विधिमंडळाच्या किंवा संसदेच्या सदस्यावर स्वतंत्र लेख सहसा टिकतो, सरपंचावरचा किंवा जिल्हा परिषद सदस्यावरचा बहुधा वगळला जातो, आणि तो वगळला की गावाचा अपमान झाला असे कार्यकर्त्यांना वाटते. निवडणूक जवळ आली की असे लेख वाढतात, लिहिणारे बहुधा पुढाऱ्याच्या जवळचे असतात, आणि हितसंबंध असलेल्याने त्या विषयावर लिहू नये हा संकेत त्यांना कोणी सांगितलेला नसतो. माणसाचे पान टिकत नाही म्हणून माहिती वाया जात नाही, तिची खरी जागा गावाच्या पानावर आहे. केदारखेड्याच्या पानावर एक परिच्छेद असा असू शकतो: गाव कोणत्या साली कोणत्या राज्यात, कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या विधानसभा आणि लोकसभा क्षेत्रात होते, ग्रामपंचायत केव्हा स्थापन झाली, सरपंच कोण आणि कोणत्या रीतीने निवडलेले, आणि प्रत्येक वाक्यापुढे त्याचा आधार. त्यातल्या हद्दींच्या तारखा आजच लिहिता येतात. ग्रामपंचायतीचा भाग मात्र प्रोसिडिंग बुकावर, म्हणजे सभांच्या इतिवृत्ताच्या वहीवर, अवलंबून आहे, आणि कार्यालय नव्या इमारतीत हलते तेव्हा सर्वांत आधी ओल लागते आणि रद्दीत जाते ते हेच पुस्तक. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा ते मागण्याचा हक्क देतो, पण कागद शिल्लक असेल तरच. उरलेल्या पुस्तकांची छायाचित्रे काढून ती तालुक्याच्या सार्वजनिक वाचनालयात किंवा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात ठेवायला ना मोठा निधी लागतो ना कायद्यात बदल, ग्रामसभेचा एक ठराव पुरतो.