एकटी आली, चाळीस झाली

टाकी नवी होती, म्हणून आधी एकच मासा सोडून पाहू, असं ठरवलं. दुकानातून गप्पीची एक मादी आणली. मळकट राखाडी, जेमतेम दीड इंच. तीन आठवड्यांनी सकाळी दाणे टाकायला गेलो, तर पाणवनस्पतींच्या पानाआड टाचणीच्या डोक्याएवढे डोळे चमकत होते. मोजली, तर सतरा पिल्लं. महिन्याभराने पुन्हा तेवढीच. शेजारच्या काकू टाकीत बराच वेळ पाहत राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, पण हिचा नवरा कुठाय?"

नवरा दुकानातच राहिला होता. कदाचित मेलाही असेल. गप्पीच्या मादीला त्याने फरक पडत नाही. एकदा मीलन झालं की नराचे शुक्राणू ती अंडाशयाच्या घड्यांत महिनोन्‌महिने जिवंत ठेवते आणि त्यातून एकामागून एक वेत काढते. त्रिनिदादच्या ओढ्यांत संशोधकांना असे नर आढळले, की जे मेल्यावर दहा महिन्यांनीही बाप होत होते.

गप्पी, मॉली, प्लॅटी, स्वोर्डटेल ही सगळी एकाच कुळातली मंडळी. बहुतेक मासे अंडी पाण्यात सोडून मोकळे होतात. यांची अंडी पोटातच फळतात, तिथेच उबतात. पिल्लाचं पोषण मुख्यतः अंड्यातल्या बलकावर होतं. नराच्या पोटाखालचा एक पर लांबट नळीसारखा झालेला असतो, त्याने तो शुक्राणू थेट मादीच्या शरीरात पोहोचवतो. मादीच्या पोटाच्या मागच्या बाजूचा काळपट डाग मोठा दिसू लागला की वीण जवळ आली समजायचं. जन्मलेलं पिल्लू लगेच पोहतं, लगेच खातं. आणि लगेच लपतं, कारण सर्वांत जवळचा शत्रू आईच असते. भुकेली मादी समोरून जाणारं स्वतःचं पिल्लू गिळताना जराही विचार करत नाही.

महाराष्ट्रात गप्पी हे नाव फिशटँकपेक्षा पालिकेच्या मलेरिया विभागामुळे जास्त घरांत पोहोचलं. विहिरीत, हौदात, कारंज्यात डासांच्या अळ्या खाण्यासाठी हे मासे सोडतात. मूळचे ते व्हेनेझुएला, त्रिनिदाद आणि आसपासचे. जर्मन प्राणिशास्त्रज्ञ विल्हेल्म पीटर्सने १८५९ मध्ये त्यांचं शास्त्रीय वर्णन केलं होतं. पुढे त्रिनिदादमधल्या रॉबर्ट जॉन लेचमियर गप्पी या निसर्गअभ्यासकाने लंडनच्या संग्रहालयाला नमुने पाठवले आणि १८६६ मध्ये अल्बर्ट गुंथरने त्याच्या नावावरून पुन्हा बारसं केलं. शास्त्रात पीटर्सचं नाव टिकलं, लोकांच्या तोंडी गप्पी.

त्रिनिदादचे ओढे म्हणजे उत्क्रांतीची उघडी प्रयोगशाळा. धबधब्याच्या खालच्या डोहात मोठे शिकारी मासे असतात, तिथले गप्पी नर फिके. धबधब्याच्या वर हे शिकारी पोहोचत नाहीत. तिथले नर नारिंगी, काळे, निळे ठिपके मिरवतात. माद्यांना भडक नर आवडतो आणि शिकाऱ्यालाही तोच आधी दिसतो, अशी ही ओढाताण. जॉन एंडलरने १९७६ मध्ये शिकाऱ्यांच्या डोहातले २०० गप्पी उचलून वरच्या सुरक्षित ओढ्यात सोडले. दोन वर्षांच्या आतच त्यांच्या वंशजांवर ठिपके वाढले होते. उत्क्रांतीला लाखो वर्षं लागतात असं शाळेत शिकलेल्या माणसाला हे पचायला जरा वेळ लागतो. डेव्हिड रेझनिक आणि सहकाऱ्यांनी अशाच स्थलांतरित गप्पींची पुढे अकरा वर्षांनी पाहणी केली, तेव्हा माद्यांचा संसारही बदललेला दिसला. त्या उशिरा वयात येऊ लागल्या होत्या, पिल्लं कमी पण मोठी देऊ लागल्या होत्या. मरणाची घाई नसली की बाळंतपणाचीही नसते.

आपली टाकी म्हणजे धबधब्याच्या वरचा ओढा. शिकारी नाही, निवड आपल्या हातात. दुकानातल्या पंख्यासारख्या शेपटीचे नर हे त्या निवडीचंच फळ. त्यांना स्वतःची शेपटी ओढत पोहताना पाहून मला कौतुकापेक्षा कीवच जास्त येते.

पाळायला मात्र हे मासे समजूतदार. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टाकीत सुमारे ५६ लिटर पाणी मावतं, दहा-बारा गप्पींना पुरतं. एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवाव्यात, नाहीतर नर एकाच मादीला दिवसभर पिटाळत राहतो. कोंकणपट्टीच्या उकाड्यात हीटर लागत नाही. बोअरचं जड पाणी आपण केस धुवायला नाकं मुरडत वापरतो, गप्पीला ते मानवतं. नव्या टाकीत माशांच्या विष्ठेतून साचणारा अमोनिया पचवणारे जिवाणू फिल्टरमध्ये वसायला चार-सहा आठवडे लागतात; तोवर मासे थोडे, दाणे त्याहून थोडे. पिल्लं वाचवायची तर हायड्रिलाची किंवा जावा मॉसची दाट जाळी हवी. काचेला अडकवायचा प्लॅस्टिकचा डबाही मिळतो, पण त्यात कोंडलेली मादी बिथरते, हा माझा अनुभव.

महिना-दोन महिन्यांत टाकी भरते आणि मासे नदीत सोडायचा मोह होतो. तिथे गप्पी मरत नाहीत, हीच अडचण. २०११ च्या एका अभ्यासात प्रत्येक हौदात एकच गाभण मादी सोडली होती. दहापैकी आठांहून अधिक हौदांत तिची वसाहत उभी राहिली, दोन वर्षांनीही टिकून होती. आपल्या ओढ्यांत डोक्यावर पांढरा ठिपका असलेले स्थानिक मासे पाण्याच्या वरच्या थरात डासांच्या अळ्या खातच असतात. त्यांच्या घासात वाटेकरी कशाला?

परवा वरच्या मजल्यावरचा मुलगा बरणी घेऊन आला. त्याला एक मादी काढून दिली. "काका, एक नर पण द्या ना," तो म्हणाला, "नाहीतर पिल्लं कशी होणार?"

म्हटलं, "आधी हिलाच घेऊन जा. महिन्याभराने सांग."