तिसऱ्या घंटेआधीचं काम

ठाण्याच्या मासुंदा तलावाकाठी गडकरी रंगायतन उभं आहे. रविवारी दुपारचा प्रयोग असला की दारात रिक्षांची रांग लागते. पण प्रयोग एखाद्या संस्थेच्या मदतीसाठी असेल, तर आत शिरताना आधी एक टेबल लागतं. टेबलावर पावतीपुस्तक, सुट्या पैशांचा डबा, स्मरणिकांचा गठ्ठा आणि घड्या पडून विरत आलेला आसनांचा ‘प्लॅन’ असतो. खपलेल्या खुर्चीवर लाल पेन्सिलीची फुली मारलेली असते. टेबलामागे कॉलेजात जाणारी दोन-तीन मुलं उभी असतात. संस्थेचा टी-शर्ट एकाला ढगळ, दुसऱ्याला आखूड. ‘काकू, तुमची एफ रांग, डावीकडच्या दाराने जा,’ असं सांगता सांगता त्यातल्या एकीचं बोट प्लॅनवरच्या कोऱ्या चौकोनांवरून फिरत असतं. अजून चाळीस खुर्च्या रिकाम्या आहेत आणि तिसरी घंटा व्हायला वीस मिनिटं उरली आहेत.

समाजकार्यासाठी पैसा उभा करण्याचा समारंभ म्हटलं की परदेशात मेजवानी आणि लिलाव डोळ्यांपुढे येतो. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत तोच समारंभ नाटकाच्या किंवा गाण्याच्या कार्यक्रमाच्या रूपाने होतो. ठाण्यात १९७८ साली उघडलेलं गडकरी रंगायतन आणि नंतर झालेलं डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृह, कल्याणला आचार्य अत्रे रंगमंदिर, डोंबिवलीला सावित्रीबाई फुले कलामंदिर या त्याच्या हक्काच्या जागा. तिकिटाला इथे ‘देणगी प्रवेशिका’ म्हणतात आणि ती खिडकीवर कमी, ओळखीपाळखीत जास्त खपते.

या प्रथेची मुळं खोल आहेत. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईच्या बालीवाला थिएटरात बालगंधर्व आणि केशवराव भोसले एकाच रंगमंचावर उभे राहिले. दोघांच्या नाटक कंपन्या एकमेकींच्या प्रतिस्पर्धी, दोघांचे चाहते एकमेकांशी हमरीतुमरीवर येणारे. खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा हा संयुक्त प्रयोग झाला तो टिळक स्वराज्य फंडासाठी. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी. पुढे तीन महिन्यांतच केशवराव गेले, त्यामुळे त्या रात्रीच्या आठवणी मराठी घरांतून पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. चांगल्या कामासाठी नाटकाला जायचं आणि नेहमीपेक्षा चार पैसे जास्त मोजायचे, हे मराठी माणसाच्या अंगवळणी तेव्हापासून पडलेलं आहे.

पण जमलेले पैसे नेमके कशावर खर्च व्हावेत? इथे खरा कस लागतो.

देणाऱ्याला साहजिकच दिसणारी वस्तू आवडते. शाळेची खोली, रुग्णवाहिका, शंभर दप्तरं. दप्तरावर नाव छापता येतं, खोलीवर पाटी लावता येते. मात्र ती दप्तरं घेऊन शहापूर-मुरबाडच्या पाड्यावर दर आठवड्याला जाणाऱ्या मुलाच्या एसटीचे पैसे द्यायला सहसा कुणी पुढे येत नाही. त्या भाड्यावर पाटी कुठे लावणार? संस्था चालवणाऱ्या कुणालाही विचारा, सगळ्यात अवघड असतो तो हाच पैसा: प्रवास, चहा-जेवण, फोन आणि पूर्ण वेळ काम करणाऱ्याचं मानधन. मदतनिधीच्या प्रयोगाचं मोल इथे कळतं. त्यातून आलेली रक्कम कुणा एका दात्याच्या अटीत अडकलेली नसते. ती या न दिसणाऱ्या खर्चाला लावता येते.

ही गोष्ट महाराष्ट्रात ज्यांनी सगळ्यात स्पष्ट ओळखली, त्यांनीही नाटकाचाच आधार घेतला. ऐंशीच्या दशकात ‘सामाजिक कृतज्ञता निधी’ची कल्पना पुढे आली. डॉ. नरेंद्र दाभोलकर, डॉ. बाबा आढाव, डॉ. श्रीराम लागू ही मंडळी तिच्यामागे होती. विचार साधा होता. काही तरुण नोकरी-धंदा सोडून आदिवासींसोबत, कष्टकऱ्यांसोबत, वस्त्यांमध्ये पूर्ण वेळ काम करतात. त्यांच्या घरातली चूल पेटती ठेवणं ही समाजाची जबाबदारी आहे. त्यांना मिळेल ते दान नसेल, ती कृतज्ञता असेल. म्हणून मोठा निधी उभारायचा आणि त्याच्या व्याजातून कार्यकर्त्यांना दरमहा मानधन द्यायचं.

निधी उभारायला नाटक निवडलं ते आचार्य अत्र्यांचं ‘लग्नाची बेडी’. १९३६ सालचं, हसवून हसवून दमवणारं. त्यात उभे राहिले डॉ. लागू, निळू फुले आणि हिंदी चित्रपटांतून घरोघरी पोचलेल्या तनुजा. एकेकाच्या नावावर नाट्यगृह भरावं असे कलाकार एकाच प्रयोगात दिसत होते, शिवाय कारण चांगलं होतं. महाराष्ट्रभर प्रयोग झाले आणि निधी उभा राहिला. यातले निळू फुले तर राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. १९४१ साली एस. एम. जोशींच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या सेवा दलाने कलापथक हे तरुणांना घडवण्याचं साधन मानलं होतं. तिथे घडलेला मुलगा पुढे मोठा नट झाला आणि आपल्यासारख्या दुसऱ्या कार्यकर्त्यांसाठी पुन्हा तोंडाला रंग लावून उभा राहिला. कल्याणच्या नाट्यगृहाला अत्र्यांचं नाव आहे आणि ठाण्याच्या नाट्यगृहाला अत्र्यांचे गुरू राम गणेश गडकरी यांचं. या दोन वास्तूंत मदतीचा प्रयोग लागतो तेव्हा हा सगळा इतिहास माहीत असलेला एखादा तरी प्रेक्षक आत बसलेला असावा, असं मनापासून वाटतं.

आता हिशेबाकडे येऊ. अशा प्रयोगात संस्था निर्मात्याकडून प्रयोगच विकत घेते. त्याची रक्कम ठरलेली, खुर्च्या भरोत वा न भरोत. त्यावर नाट्यगृहाचं भाडं, अनामत, छपाई, पाहुण्यांची व्यवस्था. समजा, प्रेक्षागृहात ९०० खुर्च्या आहेत आणि प्रवेशिका सरासरी ४०० रुपयांची. सगळ्या खपल्या तर ३ लाख ६० हजार हाती येतील. त्यातले निम्मे खर्चात गेले तर उरतील १ लाख ८० हजार. महिना पाच हजारांच्या मानधनावर तीन तरुण कार्यकर्त्यांचं एक वर्ष त्यात निघतं. आकडा छोटा वाटेल, पण वस्तीत तीन माणसं वर्षभर टिकून राहिली तर काय काय होतं, हे त्या वस्तीलाच ठाऊक असतं. खर्चाचा बराच भार स्मरणिकेतल्या जाहिराती उचलतात. म्हणूनच प्रत्येक स्मरणिकेत गावातला सराफ, पोळी-भाजी केंद्र आणि क्लासवाले सर शुभेच्छांसह हजर असतात.

प्रवेशिका खपवणं हे या सगळ्यातलं सर्वांत कष्टाचं काम, आणि ते करतात तरुण मुलंच. डोंबिवलीच्या एखाद्या सोसायटीत संध्याकाळी सातला बेल वाजवायची. दार उघडणारे आजोबा आधी जाळीच्या दारातूनच विचारणार, ‘कुठली संस्था? करता काय तुम्ही?’ मग अठरा-एकोणीस वर्षांच्या मुलीने आपण काय करतो ते दोन मिनिटांत सांगायचं. पहिल्या दहा दारांवर जीभ अडखळते. अकराव्या दारावर तिला स्वतःलाच नीट कळतं की आपण हे का करतोय. आजोबा प्रवेशिका घेतीलच असं नाही, पण ‘पाणी हवंय का गं?’ एवढं विचारतात. त्या संध्याकाळी ती मुलगी जे शिकते, ते कुठल्याही शिबिरातल्या व्याख्यानातून मिळत नाही.

तरुणांच्या या सेवेला औपचारिक चौकट म्हणाल तर ती राष्ट्रीय सेवा योजनेची. गांधीजींच्या जन्मशताब्दी वर्षात, २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांतून ती सुरू झाली. सुरुवातीचे स्वयंसेवक होते ४० हजार. दोन वर्षांत २४० तासांचं काम आणि सात दिवसांचं निवासी शिबिर ही तिची बांधणी. ठाणे-कल्याण-डोंबिवलीच्या महाविद्यालयांतली हजारो मुलं या तासांतून गेली आहेत. काही जण गुणांसाठी येतात, हे खरं आहे आणि त्यात वावगं काही नाही. आलेल्यांपैकी थोडे टिकतात आणि पुढे तेच प्रवेशिकांचा गठ्ठा खांद्यावरच्या झोळीत टाकून फिरतात.

दुसरी वाट चंद्रपूर जिल्ह्यातल्या सोमनाथला जाते. बाबा आमट्यांनी १९६७ पासून तिथे श्रमसंस्कार छावणी भरवली. मे महिन्याच्या रणरणत्या उन्हात महाराष्ट्रभरातून तरुण तिथे जमतात, पहाटे कुदळ-फावडं हातात घेतात आणि दुपारी माणसांना ऐकतात. बाबांच्या आनंदवनाने रंगमंचही आपलासा केला. डॉ. विकास आमटे यांनी २००२ साली ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद उभा केला. कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, अपंग कलाकार त्यात गातात-वाजवतात. इतर ठिकाणी ज्यांच्यासाठी पैसा गोळा केला जातो, ती माणसं इथे स्वतः रंगमंचावर उभी राहून तो मिळवतात. फरक मोठा आहे आणि टाळ्यांच्या आवाजातही तो ऐकू येतो.

संकटाच्या वेळी या तयारीची परीक्षा होते. २६ जुलै २००५ च्या पावसात उल्हास नदीने कल्याण, आंबिवली, टिटवाळा, बदलापूर पाण्याखाली घातलं. तेव्हा इथली मुलं आपल्याच शेजाऱ्यांसाठी धावली. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये महाड-चिपळूण बुडालं, तेव्हा इथूनही गट गेले. सामानाचे टेम्पो पहिल्या आठवड्यात भरभरून जातात. घराघरातला गुडघाभर चिखल उपसायला मात्र माणसं लागतात आणि त्यांच्या गाडीचं डिझेल, गमबूट, धनुर्वाताची इंजेक्शनं यांसाठी रोख पैसा लागतो. तो आधीच गाठीशी असेल तरच गट दुसऱ्या दिवशी निघू शकतो.

जमा झालेल्या पैशाची कागदपत्रं नीट ठेवणं हाही सेवेचाच भाग आहे. १ ऑगस्ट १९७१ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी बांगलादेशच्या निर्वासितांसाठी मैफल केली. तिकिटांतून आलेले सुमारे २ लाख ४३ हजार डॉलर युनिसेफला मिळाले. पण करसवलतीचे सोपस्कार आधी झाले नव्हते, म्हणून ध्वनिमुद्रिकेचा मोठा पैसा अमेरिकेच्या कर खात्यात वर्षानुवर्षं अडकून पडला. आपल्याकडे नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क नुसार धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. देणाऱ्यानेही एक गोष्ट लक्षात ठेवावी: देणगीवरच्या आयकर सवलतीला दोन हजारांवरची रोख देणगी धरली जात नाही आणि नव्या कररचनेत ही सवलतच मिळत नाही. मोठी रक्कम द्यायची असेल तर धनादेशाने द्यावी आणि पावती मागून घ्यावी. पावती मागण्यात संकोच नको, चांगल्या संस्थेला ते आवडतंच.

ठाण्यात रंगमंचाचा आणखी एक उपयोग पाहायला मिळतो. समता विचार प्रसारक संस्था अनेक वर्षं वस्त्यांमधून दहावी पास होणाऱ्या मुलांचा एकलव्य पुरस्काराने गौरव करते. याच मुलांसाठी रत्नाकर मतकरींनी २०१४ मध्ये ‘वंचितांचा रंगमंच’ ही कल्पना मांडली. वस्तीतल्या मुलांनी आपल्या जगण्यातले विषय घ्यायचे, आपल्या भाषेत नाटिका बांधायच्या आणि शहरापुढे सादर करायच्या. बालनाट्याला आयुष्य दिलेल्या मोठ्या नाटककाराने उतारवयात या मुलांच्या तालमीत जाऊन बसावं, ही ठाण्याने अभिमानाने सांगण्यासारखी गोष्ट आहे.

आणि त्या चाळीस खुर्च्या? पहिली घंटा झाल्यावरही प्लॅनवरचे चौकोन कोरेच असतील, तर अनुभवी संस्था ऐनवेळी एक फोन करते. जवळच्या वसतिगृहातली, नाहीतर वस्तीतल्या अभ्यासिकेतली मुलं तयारीतच असतात. दुसऱ्या घंटेला ती मागच्या दाराने रांगेत आत येतात, डोकी तेलाने चापून बसवलेली. टेबलामागची मुलगी लाल पेन्सिल घेते, एकेक चौकोन भरते आणि तिसऱ्या घंटेला दिवे मंद होत असताना त्यांच्याच मागे, दाराला टेकून उभी राहते.