क्रिस्चियन एरिक्सन

क्रिस्चियन डॅनेमान एरिक्सन (१४ फेब्रुवारी, १९९२:मिडेलफार्ट, डेन्मार्क - ) हा डेन्मार्कचा व्यावसायिक फुटबॉल खेळाडू आहे. तो मध्यरक्षक म्हणून खेळतो. डेन्मार्कच्या राष्ट्रीय पुरुष संघाकडून सर्वाधिक सामने खेळण्याचा विक्रम त्याच्या नावावर आहे. १२ जून, २०२१ रोजी युरो स्पर्धेतील सामना सुरू असताना मैदानावरच त्याची हृदयक्रिया बंद पडली होती. या प्रसंगातून बचावल्यानंतर शरीरात हृदयनियंत्रक यंत्र बसवून तो अव्वल दर्जाच्या फुटबॉलमध्ये परतला.

सुरुवातीची वर्षे

एरिक्सनचा जन्म फ्यून बेटावरील मिडेलफार्ट या लहानशा गावी झाला. तेथील स्थानिक क्लबमध्ये अगदी बालवयातच त्याने खेळायला सुरुवात केली व पुढे २००५ मध्ये तो ओडेन्से बोल्डक्लबच्या युवा संघात गेला. किशोरवयातच चेल्सी, बार्सिलोना, मिलान अशा मोठ्या क्लबांनी त्याला चाचणीसाठी बोलावले होते. मात्र २००८ मध्ये त्याने नेदरलँड्समधील आयाक्सची निवड केली. पहिलीच उडी फार मोठी नसावी आणि नवोदितांना खेळण्याची संधी देणारा क्लब असावा, असा त्यामागील विचार होता. तो योग्य ठरला.

जानेवारी २०१० मध्ये, वयाची अठरा वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच, मार्टिन योल या प्रशिक्षकाने त्याला आयाक्सच्या मुख्य संघात खेळवले. मार्चमध्ये ऑस्ट्रियाविरुद्ध त्याने राष्ट्रीय संघात पदार्पण केले आणि त्याच वर्षी दक्षिण आफ्रिकेत झालेल्या विश्वचषकात तो सर्वांत कमी वयाचा खेळाडू होता. पुढे फ्रांक डी बोअरच्या मार्गदर्शनाखाली आयाक्सने २०११, २०१२ आणि २०१३ अशी सलग तीन वर्षे डच लीग जिंकली. त्या संघाच्या आक्रमणाची सूत्रे एरिक्सनकडेच होती.

टॉटनहॅम

ऑगस्ट २०१३ मध्ये लंडनच्या टॉटनहॅम हॉटस्परने त्याला करारबद्ध केले. गॅरेथ बेलला रेआल माद्रिदकडे विकून आलेल्या पैशातून क्लबने त्या उन्हाळ्यात सात खेळाडू आणले. त्यांतील बहुतेक जण फार काळ टिकले नाहीत. एरिक्सन मात्र साडेसहा वर्षे राहिला व ३०५ सामन्यांत त्याने ६९ गोल केले.

गोलांच्या आकड्यावरून त्याच्या खेळाचे मोल कळत नाही. प्रतिस्पर्ध्यांच्या दोन रांगांमधील मोकळी जागा हेरणे, चेंडू पायाशी येण्याआधीच पुढचा पास ठरवणे आणि दोन्ही पायांनी सारख्याच सफाईने तो देणे ही त्याची बलस्थाने होत. वेग किंवा अंगबळ यांत तो सामान्यच म्हणावा लागेल. २०१५-१६ पासून सलग चार हंगामांत त्याने प्रीमियर लीगमध्ये दहा वा त्याहून अधिक गोलांना साहाय्य केले. हॅरी केन, डेले अली व सॉन ह्युंग-मिन यांच्या अनेक गोलांमागे त्याचाच पास असे. थेट फ्री किकवर गोल करण्यातही त्याचा हातखंडा होता. जानेवारी २०१८ मध्ये मँचेस्टर युनायटेडविरुद्ध त्याने सामना सुरू झाल्यावर सुमारे ११ सेकंदांतच गोल केला.

मॉरिसिओ पोचेत्तिनोच्या प्रशिक्षणाखाली टॉटनहॅम २०१९ च्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला. त्यात लिव्हरपूलने त्यांचा २-० असा पराभव केला. या साऱ्या काळात एकही चषक त्याच्या हाती लागला नाही.

इंटर मिलान

जानेवारी २०२० मध्ये एरिक्सन इटलीतील इंटर मिलानमध्ये दाखल झाला. आंतोनिओ काँतेच्या ३-५-२ रचनेत त्याच्या आवडत्या जागेला वावच नव्हता, त्यामुळे जवळपास वर्षभर तो राखीव खेळाडूंतच राहिला. जानेवारी २०२१ मध्ये इटालियन चषकात एसी मिलानविरुद्ध अगदी अखेरच्या क्षणी त्याने फ्री किकवर विजयी गोल केला आणि चित्र पालटले. मैदानाच्या अधिक मागच्या भागातून खेळ रचण्याची जबाबदारी त्याने स्वीकारली. त्या हंगामात इंटरने अकरा वर्षांनंतर सेरी आचे विजेतेपद मिळवले.

१२ जून, २०२१

कोपनहेगनच्या पार्केन मैदानावर डेन्मार्क व फिनलंड यांच्यातील सामन्याचा पूर्वार्ध संपत आला होता. डावीकडच्या सीमारेषेजवळ थ्रो-इन घ्यायला पुढे गेलेला एरिक्सन कोणाचाही धक्का न लागता कोसळला. पंच अँथनी टेलर यांनी तत्काळ खेळ थांबवून वैद्यकीय पथकाला पाचारण केले. कर्णधार सायमन केअर प्रथम धावून गेला. संघाचे डॉक्टर मॉर्टन बोसेन पोहोचले तेव्हा एरिक्सनचा श्वास व नाडी चालू होती, पण पाहता पाहता नाडी लागेनाशी झाली. छातीवर दाब देण्यास सुरुवात झाली व डिफिब्रिलेटरच्या एका झटक्याने हृदय पुन्हा सुरू झाले. हे चालू असताना सहकाऱ्यांनी त्याच्याभोवती, बाहेरच्या बाजूला तोंड करून कडे केले. फिनलंडच्या प्रेक्षकांनी आडोशासाठी आपला राष्ट्रध्वज मैदानात दिला. त्याला रुग्णालयात हलवल्यानंतर एका बाजूचे फिनिश प्रेक्षक ‘क्रिस्चियन’ आणि दुसऱ्या बाजूचे डॅनिश प्रेक्षक ‘एरिक्सन’ असा पुकारा करीत राहिले.

या घटनेचे वर्णन अनेकदा ‘हृदयविकाराचा झटका’ असे केले जाते, ते अचूक नाही. हृदयविकाराच्या झटक्यात हृदयाच्या स्नायूंना रक्त पुरवणारी वाहिनी अडते. रुग्ण बहुधा शुद्धीवर असतो. हृदयक्रिया बंद पडते तेव्हा हृदयाच्या विद्युत्-लयीत बिघाड होऊन रक्ताभिसरणच थांबते व माणूस काही सेकंदांत बेशुद्ध होतो. डिफिब्रिलेटरचा धक्का मिळण्यास होणाऱ्या प्रत्येक मिनिटाच्या विलंबाने वाचण्याची शक्यता साधारण सात ते दहा टक्क्यांनी घटते. छातीवर दाब दिल्याने मेंदूला थोडेफार रक्त मिळत राहते आणि ही घट मंदावते. एरिक्सनच्या बाबतीत प्रशिक्षित माणसे व यंत्र दोन्ही हाकेच्या अंतरावर होते. केअर आणि वैद्यकीय पथकाला त्यासाठी युएफाचा अध्यक्षीय पुरस्कार देण्यात आला.

एरिक्सन शुद्धीवर असल्याचे कळल्यावर सामना त्याच रात्री साडेआठ वाजता पुन्हा सुरू झाला. फिनलंडने तो १-० असा जिंकला. खेळाडूंपुढे त्याच रात्री किंवा दुसऱ्या दिवशी दुपारी खेळणे एवढेच पर्याय ठेवण्यात आले होते. तशा मनःस्थितीत त्यांना निवड करायला लावणे चुकीचे होते, अशी टीका पुढे झाली आणि ती रास्त होती. प्रशिक्षक कॅस्पर युलमंड यांनीही नंतर सामना पुन्हा सुरू करायला नको होता, असे मत व्यक्त केले. डेन्मार्कने पुढे उपांत्य फेरी गाठली.

पुनरागमन

रुग्णालयात एरिक्सनच्या शरीरात आयसीडी हे छोटे यंत्र बसवण्यात आले. ते हृदयाच्या ठोक्यांवर सतत लक्ष ठेवते व लय धोकादायक झाल्यास आतूनच विद्युत्-धक्का देते. इटलीत स्पर्धात्मक खेळासाठी वैद्यकीय पात्रता प्रमाणपत्र अनिवार्य असते व असे यंत्र बसवलेल्या खेळाडूला ते मिळत नाही. त्यामुळे डिसेंबर २०२१ मध्ये इंटरने उभयपक्षी संमतीने त्याचा करार संपुष्टात आणला. अन्य देशांत अशी सरसकट बंदी नव्हती. आयाक्समधील त्याचा जुना सहकारी डेली ब्लिंड हा तसेच यंत्र बसवून खेळत होता.

जानेवारी २०२२ च्या अखेरीस इंग्लंडच्या ब्रेंटफर्डने त्याला सहा महिन्यांसाठी करारबद्ध केले. तेथील प्रशिक्षक थॉमस फ्रँक हेही डॅनिश होते. २६ फेब्रुवारी रोजी न्यूकॅसलविरुद्ध बदली खेळाडू म्हणून तो मैदानात उतरला, तेव्हा पार्केनवरील घटनेला २५९ दिवस झाले होते. महिन्याभराने आम्सटरडॅममध्ये नेदरलँड्सविरुद्ध मध्यंतरानंतर मैदानात येताच दोन मिनिटांत त्याने गोल केला. त्यानंतर तीनच दिवसांनी, सर्बियाविरुद्ध, तो पार्केनवर कर्णधार म्हणून परतला आणि तेथेही त्याने गोल केला.

जुलै २०२२ मध्ये तो मँचेस्टर युनायटेडमध्ये गेला. तेथील तीन हंगामांत क्लबने २०२३ चा लीग कप व २०२४ चा एफए कप जिंकला. लीग कपच्या अंतिम सामन्याला मात्र घोट्याच्या दुखापतीमुळे तो मुकला. सप्टेंबर २०२५ मध्ये त्याने जर्मनीच्या व्हीएफएल वोल्फ्सबुर्गशी करार केला.

आंतरराष्ट्रीय कारकीर्द

२०१८ च्या विश्वचषकाच्या पात्रता फेरीत एरिक्सनने ११ गोल केले. त्यांतील तीन डब्लिन येथे आयर्लंडविरुद्धच्या निर्णायक सामन्यात होते. तो सामना डेन्मार्कने ५-१ असा जिंकला. मुख्य स्पर्धेत क्रोएशियाविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्याची पहिलीच किक अडवली गेली आणि संघ बाद झाला. १६ जून, २०२४ रोजी श्टुटगार्ट येथे स्लोव्हेनियाविरुद्ध त्याने युरो स्पर्धेतील आपला पहिला गोल केला. सायमन केअरचा १३२ सामन्यांचा विक्रमही त्याने मागे टाकला आहे.

२०१३, २०१४, २०१५, २०१७ आणि २०१८ या वर्षी डेन्मार्कचा सर्वोत्कृष्ट फुटबॉलपटू म्हणून त्याची निवड झाली.