बिबट्याचा पेपर

उन्हात खडखडीत वाळलेली बिबट्याची विष्ठा बारीक जाळीच्या चाळणीत घालून नळाखाली धरली की आधी माती आणि भुकटी वाहून जाते. मागे उरतात केस, हाडांचे तुकडे, कधी एखादी नखी, कधी खुराचं टोक. केस पुन्हा वाळवायचे, त्यांतले निदान 20 केस हाताला येतील तसे उचलायचे आणि एकेक काचपट्टीवर ठेवून सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. हाताला येतील तसे, हे महत्त्वाचं. डोळा आपसूक लांब आणि जाड केसांकडे जातो. तसं झालं की कागदावर बिबट्याने खाल्लेल्या शेळ्या वाढतात आणि उंदीर-घुशी गायब होतात. 20 हा आकडाही हवेतला नाही. गीरमधल्या बिबट्यांच्या विष्ठेवर काम करून शोमिता मुखर्जी, एस. पी. गोयल आणि रवी चेल्लम यांनी 1994 साली तो बसवून दिला.

केसाला बाहेरून खवल्यांचा थर असतो आणि आत गाभा. दोन्हींची नक्षी प्राण्यागणिक वेगळी. शेजारी ओळखीच्या प्राण्यांच्या केसांचे नमुने ठेवून जुळवाजुळव करत बसायचं. मान आखडते, दुपारनंतर कुत्रा आणि कोल्हा सारखेच दिसायला लागतात, आणि अशा वेळी काम थांबवणं शहाणपणाचं. वन्यजीव संशोधन म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे जीप, दुर्बीण आणि पहाटेचं धुकं येतं. प्रत्यक्षात त्यातला बराचसा भाग असा स्टुलावर बसून पार पडतो.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्यातल्या अकोले परिसरात डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशीच विष्ठा गोळा केली. प्रवरेच्या पाण्यावरचा उसाचा पट्टा, वाड्या-वस्त्या, गोठे. दर चौरस किलोमीटरला 300 हून जास्त माणसं. बिबट्याचीच असल्याची खात्री झालेले 85 नमुने तपासल्यावर दिसलं ते असं: बिबट्याने खाल्लेल्या मांसात वजनाने 87 टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा 39 टक्के. त्या भागात शेळ्या कुत्र्यांच्या सातपट, तरी त्यांचा वाटा 11 टक्केच. शेळी रात्री गोठ्यात बंद असते, कुत्रं उकिरड्यावर मोकळं फिरतं. इतकी साधी गोष्ट.

साधी दिसते, पण ‘वजनाने’ हा शब्द लिहिण्यासाठी मधे एक गणित लागतं. लहान प्राण्याच्या अंगावर मांसाच्या मानाने केस जास्त, म्हणून एक किलो घूस खाल्ली तर जितक्या विष्ठांत तिचे केस सापडतील तितक्या एक किलो वासरू खाल्ल्यावर सापडणार नाहीत. नुसत्या विष्ठा मोजल्या तर लहान भक्ष्य फुगतं. त्यासाठी अमेरिकेतल्या प्यूमावरच्या प्रयोगांतून निघालेलं समीकरण वापरायची पद्धत पडली आहे. मार्जारकुळातल्या अमेरिकी प्राण्याचं समीकरण उसातल्या बिबट्याला लावायचं का, यावर संशोधकांमध्ये वाद होतात, आणि ते व्हायलाच हवेत.

अकोले परिसरातल्या या अभ्यासावरचा लेख ‘ओरिक्स’ या जर्नलने 2014 मध्ये ऑनलाइन आणला. छापील अंकात तो आला 2016 च्या जानेवारीत. ऑनलाइन दिसण्यात आणि कागदावर उमटण्यातच एवढं अंतर. विष्ठा गोळा केली त्या दिवसापासून मोजलं तर हिशेब आणखी लांबतो.

या कामाचं मूळ शेजारच्या जुन्नर वनविभागात आहे. 2001 ते 2003 च्या सुमारास तिथे बिबट्यांचे माणसांवरचे हल्ले एकाएकी वाढले. तेव्हाचा खाक्या ठरलेला होता: बिबट्या दिसला की गावकऱ्यांचा दबाव, दबाव आला की पिंजरा, पिंजऱ्यात सापडला की गाडीत घालून लांबच्या जंगलात सोडून देणं. सगळ्यांच्याच सोयीचं. गावाला वाटायचं बला टळली, खात्याला वाटायचं काम झालं, आणि प्राणिप्रेमींनाही बिबट्या ‘आपल्या घरी’ गेल्याचं समाधान. अत्रेय आणि सहकाऱ्यांनी खात्याच्याच नोंदींवरून हल्ल्यांची ठिकाणं आणि बिबटे सोडल्याच्या जागा एकत्र मांडल्या. 1993 ते 2001 या काळात वर्षाला सरासरी 4 हल्ले होत. 29 बिबटे सरासरी 39.5 किलोमीटरवरच्या जंगलांत नेऊन सोडायला लागल्यावर ही सरासरी 17 वर गेली. हल्ले वाढले ते सोडल्याच्या जागांच्या आसपास, आणि त्यांत माणूस दगावण्याचं प्रमाणही तिथेच वाढलं.

याचं कारण काय असावं? पकडताना आणि पिंजऱ्यात सोसलेला ताण, अनोळखी मुलूख, तिथून परत निघण्याची धडपड, माणसांच्या सहवासात मेलेली भीती. लेखकांनी ही सगळी कारणं ‘संभाव्य’ म्हणून मांडली, त्यांतलं एकही सिद्ध झाल्याचा आव आणला नाही. चांगला पेपर ओळखायची ही एक खूण.

आता या निष्कर्षाचा कागदोपत्री प्रवास बघण्यासारखा आहे. पहिली मांडणी 2007 साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या जर्नलमध्ये आली. 1886 पासून निघणारं हे नियतकालिक आपल्याकडच्या निसर्ग-अभ्यासाचं जुनं घर. त्याच वर्षी विद्या अत्रेय आणि पशुवैद्यक अनिरुद्ध बेलसरे यांची, वनकर्मचाऱ्यांच्या कामी येईल अशी मार्गदर्शिका पुण्याच्या काटी ट्रस्टने काढली. नॉर्वेच्या संशोधकांना आणि वाघांचे अभ्यासक उल्हास कारंथांना बरोबर घेऊन केलेलं संपूर्ण विश्लेषण 2011 मध्ये ‘कॉन्झर्वेशन बायॉलॉजी’त छापून आलं. त्याच वर्षी केंद्रीय पर्यावरण आणि वन मंत्रालयाने माणूस-बिबट्या संघर्षाबाबत देशभरासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, आणि दिसेल तो बिबट्या पकडून दुसरीकडे सोडण्याच्या पद्धतीला त्यांत आळा घातला.

संशोधनाच्या बाजारात मात्र या सगळ्याची किंमत वेगळ्याच फूटपट्टीने ठरते. तिचं नाव इम्पॅक्ट फॅक्टर. एखाद्या जर्नलने मागच्या दोन वर्षांत छापलेल्या लेखांचा यंदा किती वेळा हवाला दिला गेला, भागिले त्या लेखांची संख्या. युजीन गारफील्ड यांची ही कल्पना 1955 ची, आणि मुळात ती ग्रंथपालांनी कोणती जर्नलं घ्यावीत हे ठरवायला उपयोगी पडली. पुढे तिच्यावर माणसांच्या नेमणुका आणि बढत्या ठरू लागल्या. ‘नेचर’चा आकडा 40 च्या वर. ‘जर्नल ऑफ वाइल्डलाइफ मॅनेजमेंट’ हे या विषयातलं 1937 पासूनचं मानाचं अमेरिकी पान, त्याचा आकडा दोनच्या आसपास. त्यात छापलेलं दर्जाने हलकं असतं म्हणून नव्हे. वन्यजीवांवर काम करणारी माणसं मुळात कमी, हवाले देणारे हात कमी, आणि एका प्रश्नाचं उत्तर मिळायला पाच-सात पावसाळे जातात. दोन वर्षांच्या खिडकीतून अशा कामाचा ठावच लागत नाही. जुन्नरचे हल्ले 2001 ते 2003 मधले आणि पूर्ण विश्लेषण 2011 मधलं, हे गणित कुठल्या खिडकीत बसवणार?

2012 मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत जमलेल्या संपादकांनी आणि संशोधकांनी जर्नलच्या आकड्यावरून माणसाचं मोल करू नका असं जाहीरनाम्यातच म्हटलं. जगभरच्या संस्थांनी त्यावर सह्या केल्या. आकडा तरी चालूच आहे.

आपल्याकडे तर त्याला आणखी एक फाटा फुटला. नेमणुकीसाठी पेपर हवेत, म्हणून पेपर छापून देणारी दुकानं निघाली. पैसे भरा, आठवड्यात छापून घ्या. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीचा विद्यापीठांनी सुचवलेला भाग पुण्याच्या भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी तपासला, तेव्हा त्यातली 88 टक्क्यांहून अधिक जर्नलं कमी दर्जाची असू शकतात असं आढळलं. ‘करंट सायन्स’मध्ये 2018 ला आलेल्या या पाहणीने खळबळ उडाली. याच्या उलट टोकाला कोइम्बतूरहून निघणारं ‘जर्नल ऑफ थ्रेटन्ड टॅक्सा’ आहे. बेडूक, कोळी, मासे, गवतं अशा ज्यांच्यावर कुणी सिनेमा काढणार नाही त्यांच्या नोंदी ते छापतं आणि कुणालाही फुकट वाचू देतं.

सिनेमाचा विषय निघालाच आहे तर ‘आजोबा’ला वगळून चालणार नाही. 2009 साली टाकळी ढोकेश्वरच्या विहिरीतून काढलेल्या या बिबट्याला जीपीएस पट्टा बांधून माळशेज घाटात सोडलं, आणि तो सव्वाशे किलोमीटरच्या आसपास चालून थेट मुंबईच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या परिसरात पोचला. 2011 मध्ये वाहनाच्या धडकेने तो मेला. त्याच्यासह पाच बिबट्यांच्या हालचालींवरचा शास्त्रीय लेख ‘प्लॉस वन’मध्ये 2014 ला आला आणि सुजय डहाके यांचा चित्रपटही त्याच वर्षी. दोहोंपैकी कुठला जास्त लोकांपर्यंत पोचला हे सांगायला इम्पॅक्ट फॅक्टर लागत नाही.

त्याच ‘प्लॉस वन’मध्ये 2013 साली अकोले परिसरातली गणती आली होती. बिबट्याच्या अंगावरचे ठिपक्यांचे गुच्छ दोन बाजूंना वेगळे असतात. नुसती डावी कूस मिळाली आणि उद्या उजवी, तर एकाच जनावराचे दोन होतात. म्हणून पायवाटेच्या दोन्ही अंगांना समोरासमोर कॅमेरे बांधायचे, गुडघाभर उंचीवर, आणि समोरचं गवत छाटून ठेवायचं. नाहीतर वाऱ्याने हलणाऱ्या पात्यांचेच शेकडो फोटो निघतात. मग गाय, सायकलवाला, दूध घालायला निघालेली बाई, पुन्हा गाय, आणि मधेच एक बिबट्या. कोणता बिबट्या किती वेळा फिरून आला यावरून न दिसलेल्यांचा अंदाज बांधता येतो. निष्कर्ष: 100 चौरस किलोमीटरमागे 4.8 प्रौढ बिबटे आणि 5 तरस. जंगल नाही, हरणं नाहीत, तरी मोठे मांसाहारी प्राणी ठाण मांडून आहेत. अभयारण्याच्या कुंपणाआतच वन्यजीव शोधायची सवय असलेल्या विषयाला हा धक्काच होता. गेल्या दोन दशकांत संशोधनाचा रोख शेतं, गावं आणि शहरांकडे वळला त्यात अशा कामांचा मोठा हात आहे.

फोटोंवरून गणती करायची ही रीत कारंथांनी नागरहोळेच्या वाघांवर बसवली आणि 1995 मध्ये छापली. सरकारी व्याघ्रगणना तेव्हा पंज्यांच्या ठशांवर चालत होती. 2005 साली सरिस्कात एकही वाघ उरला नसल्याचं उघड झालं, तेव्हा कुठे ती पद्धत मोडीत निघाली. म्हणजे पेपर छापून आला त्यानंतर दहा वर्षं आणि एक अख्खं अभयारण्य खर्ची पडलं. 2018 च्या गणनेत 26,838 ठिकाणी कॅमेरे लागले आणि साडेतीन कोटींच्या आसपास फोटो निघाले. गिनीजने विक्रम म्हणून नोंद घेतली. वाघांचा आकडा पत्रकार परिषदेत जाहीर होतो. तो काढण्याच्या पद्धतीवरची 2015 मधली टीका आणि तिला 2019 मध्ये दिलेलं उत्तर मात्र जर्नलांच्या पानांत राहिलं.

जुन्नरच्या बिबट्यांवरच्या पेपरने काय करू नये हे स्पष्ट सांगितलं. काय करावं, या बाजूला तो थोडक्यात आटोपतो: भरपाई वेळेवर द्या, गोठे बंदिस्त करा, लोकांशी आधीपासून बोलत राहा. रात्रीचं पाणी धरायला बांधावर जाणाऱ्या माणसाला हे पुरत नाही. 2025 च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये शिरूर तालुक्यात पिंपरखेड परिसरात बिबट्याच्या हल्ल्यांत बळी गेले, लोक रस्त्यावर उतरले, आणि पकडून लांब न्या ही मागणी पुन्हा त्याच जोराने आली. जुन्नरजवळचं माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र म्हणजे काही अथांग कोठार नव्हे. म्हणून प्रजनन-नियंत्रणाचा प्रस्ताव पुढे आला आहे. पिल्लं न होणारी मादी आपली हद्द राखते की सोडते, तिची जागा बाहेरून आलेली दुसरी घेते का, किती माद्यांवर उपचार केले म्हणजे संख्या खरोखर उतरते, हे सगळं उसातच, पट्टे बांधून आणि कॅमेरे लावून तपासावं लागेल. त्याला बिबट्यांच्या दोन-तीन पिढ्या जाव्या लागतात. संशोधन प्रकल्पाचं अनुदान साधारणपणे तीन वर्षांचं असतं.